पोहतो की तरंगतो

मी जनावरांची डॉक्टर आहे, पण माझ्याकडे गाय, म्हैस, कुत्रं, मांजर यातलं काही येत नाही. मी मानसशास्त्राच्या एका संस्थेत नोकरीला आहे, तळमजल्यावरच्या उंदीरघरात. एवढं सांगितलं की समोरचा हमखास हसतो आणि विचारतो, "म्हणजे उंदरांना वेड लागलं की तुम्ही बघता?" पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. हल्ली सरळ म्हणते, "हो, माणसांचंही बघते, दाखवायचंय का?" घरात मला फटकळ म्हणतात ते काही उगाच नाही.

काम साधं आहे. पिंजरे स्वच्छ आहेत ना, हवा, पाणी, खाणं ठीक आहे ना, कोणाला जखम झाली आहे का, हे बघायचं. आणि प्रयोग संपला की त्या उंदरांना मारायचं, फार दुखू न देता. तेही माझंच काम. हे कळलं की लोक हसायचे थांबतात. मी ते लपवत नाही. ज्याला सोसत नसेल त्याने डोकेदुखीची गोळीसुद्धा घेऊ नये, असं मी तोंडावर सांगत आले आहे.

आमच्याकडे एक खोली आहे, तिला सगळे बरणीची खोली म्हणतात. तिथे काचेची उंच भांडी ओळीने ठेवलेली असतात, अर्ध्याहून जास्त पाण्याने भरलेली. त्यात उंदीर सोडतात. तळाला पाय टेकत नाहीत, काचेवर चढता येत नाही. आधी तो जोरात हातपाय मारतो, कडेकडेने फिरतो, वर उडी घ्यायला बघतो. मग हळूहळू थांबतो आणि नाक तेवढं पाण्यावर ठेवून नुसता तरंगत राहतो. काही मिनिटांनी त्याला काढून, पुसून, उबेला ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडतात. दुसऱ्या दिवशी तो लवकर तरंगायला लागतो. आमच्या भाषेत तरंगणारा उंदीर म्हणजे हताश उंदीर. उदासीच्या आजारावरचं एखादं नवं औषध त्याला दिलं आणि तो जास्त वेळ पोहत राहिला, तर त्या औषधात दम आहे असं मानायचं.

हे सगळं कॅमेऱ्यात उतरवतात आणि मग दोघं जण वेगवेगळे बसून ते बघतात. संगणकाची एक कळ पोहण्याची, एक तरंगण्याची. कोणत्या उंदराला औषध दिलंय आणि कोणाला नुसतं पाणी, हे बघणाऱ्याला सांगत नाहीत, नाहीतर डोळा आपल्याला हवं ते बघतो. दोघांचं जुळलं नाही की मला बोलावणं येतं. काही उंदीर असे असतात की मागचा एक पाय किंचित हलतो, तोल सावरण्यापुरता. नवख्या माणसाला ते पोहणंच वाटतं. मला बरोबर कळतं. त्या बाबतीत मी माझी पाठ थोपटून घेते. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळ्याला एक वळण लागतं. हललं की बरं, थांबलं की वाईट.

यंदा त्या खोलीच्या परवानगीची मुदत संपत आली होती. जनावरांवरच्या प्रयोगांना आमच्याकडे एक समिती परवानगी देते आणि जनावरांची डॉक्टर म्हणून तिच्यात मला एक मत आहे. बरण्या ज्यांच्या, ते सर सगळ्यात जुने. त्यांना परवानगी पुढे चालू हवी होती. दुसऱ्या मजल्यावर माणसांचा दवाखाना आहे, तिथल्या मॅडमही समितीवर आहेत, त्या म्हणत होत्या की बरण्या बंद करा. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, जिथे गाठ पडेल तिथे भांडायचे, आणि दोघंही मला पकडून आपली बाजू ऐकवायचे. मी दोघांना म्हटलं, "समितीत बोला. खाली एका पिंजऱ्यात उंदरांना जुलाब लागलेत, मी चालले."

खरं तर तेव्हा माझं लक्षच नव्हतं. घरात वेगळंच चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ, बापू. खरं नाव वेगळं आहे. चार वर्षांचा असताना हात मागे बांधून घरभर फिरायचा आणि 'दिवा कशाला जळतोय' म्हणून सगळ्यांना रागवायचा, म्हणून बापू. आता बस कंपनीत वेळापत्रकं बसवतो. कोणती बस कुठे किती वाजता पोचली पाहिजे हे तो ठरवतो. का पोचत नाही हे विचारायला दुसऱ्या खिडकीवर जावं लागतं, असं तोच सांगतो. मूल नाही. तो आणि माझी भावजय, दोघंच. ती चष्म्याच्या दुकानात काम करते.

एक दिवस बापू कामावर जायला उठला, एक मोजा घातला आणि दुसरा हातात धरून बसून राहिला. भावजयीने दुपारी मला फोन केला तेव्हा तो तसाच बसलेला होता. ताप नाही, कुठे दुखत नाही, कोणाशी बिनसलेलं नाही. तरुणपणी एकदा असं झालं होतं, तेव्हा निभावलं. या वेळी त्याने अंथरूण धरलं ते धरलंच. डॉक्टरांनी उदासीचा आजार सांगितला आणि गोळ्या लिहून दिल्या. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. दाढी वाढली. मी कामावरून सुटले की रोज त्याच्याकडे जायचे, खाटेशेजारी बसायचे आणि एकटीच बडबडायचे. "अरे, निदान त्या भिंतीला रंग कोणता द्यायचा ते तरी ठरव, इतके दिवस बघतोयस." तो हसायचासुद्धा नाही. भावजय दाराशी उभी राहून पदराशी चाळा केल्यासारखी ओढणीचं टोक पिळत राहायची. घरी जाताना मला रडू यायचं आणि त्याचा रागही यायचा.

आणि मग एका सकाळी तो उठला. दाढी केली. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त केला. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. माळ्यावरचं सामान खाली काढून निम्मं भंगारात दिलं, कपाटं आवरली. आपली सायकल शेजाऱ्याच्या मुलीला देऊन टाकली, 'नाहीतरी मी आता कुठे चालवतो' म्हणाला. भावजयीला जवळ बसवून विजेचं बिल कसं भरायचं, बँकेचे पासवर्ड काय, विम्याचे कागद कुठे आहेत, सगळं दाखवलं. मी संध्याकाळी गेले तर त्याने माझ्या हातात एक छत्री ठेवली. काळी, लाकडी मुठीची, माझी. कित्येक वर्षं मी म्हणत होते की ती तुझ्याकडे आहे आणि तो म्हणायचा की तूच बसमध्ये विसरली असशील.

"सापडली," तो म्हणाला. "घे बाई तुझी इस्टेट."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. कित्येक दिवसांनी तो स्वतःहून काही बोलला होता. शांत होता, चेहऱ्यावरचा ताण गेला होता. माझ्या मनात जे आलं ते असं: पोहायला लागला.

भावजय मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि जिन्यातच रडायला लागली.

"आता काय झालं?" मी म्हटलं.

"ताई, तो बरा होऊन उठलेला नाही."

"अगं, पडून होता तेव्हा रडत होतीस, उठला तरी रडतेस. त्या माणसाने करायचं तरी काय?"

"बरा झाला असता तर माझ्याशी भांडला असता. मी सकाळी मुद्दाम त्याला चहा गार करून दिला. गप्प प्याला. वर 'छान झालाय' म्हणाला."

"चहा गार दिलास तो दिलास, आणि आता त्याने कौतुक केलं म्हणून तक्रार करतेस."

"उद्या डॉक्टरांकडे नेते म्हटलं तर पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणतोय. तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल."

मी सांगितलं नाही. उलट तिलाच झापलं. म्हटलं, आत्ता कुठे घडी बसतेय, त्याला परत रोगी करून ठेवू नकोस. तू उद्यापासून दुकानात जायला लाग, चार माणसं दिसली की तुझंही डोकं ताळ्यावर येईल. घरात मी मोठी, त्यात डॉक्टर, मग जनावरांची का असेना. माझा शब्द सहसा कोणी मोडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली, बापू घरी एकटा राहिला आणि मी समितीच्या बैठकीला गेले.

बैठक म्हणजे एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि तो कान ते नेमका जास्त बोलणाऱ्याकडे करतात. आधी सर बोलले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्या आईने उदासीच्या आजारात आयुष्याची कितीतरी वर्षं एका खोलीत काढली, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

"उंदीर बोलत नाही," सर म्हणाले. "त्याच्या मनाचं काही कळायचं तर त्याच्या अंगावरूनच कळणार. आज लोक ज्या गोळ्या घेतात, कामावर जातात, पोरंबाळं सांभाळतात, त्यातल्या बऱ्याच या बरणीतून पारखून पुढे गेल्या. याहून बरी, स्वस्त, लवकर निकाल देणारी पद्धत कोणाकडे असेल तर सांगा. मी उद्या बरण्या फोडतो."

मग मॅडम उठल्या. त्यांचा आवाज बारीक आहे, पण वाक्य पुरं केल्याशिवाय त्या थांबत नाहीत.

"तरंगणारा उंदीर हरलेला असतो, हे ठरवलं कोणी? पहिल्या दिवशी त्याला कळलंय की धडपडून बाहेर पडता येत नाही, आणि थोड्या वेळाने वरून हात येतो आणि उचलतो. मग दुसऱ्या दिवशी त्याने दम राखून ठेवला तर ती निराशा कशावरून? तो शहाणपणाही असेल. तुम्ही शहाण्याला आजारी म्हणताय आणि औषध देऊन पुन्हा धडपडायला लावताय."

"औषधाने नुसती तरतरी येऊन पोहत असेल तर ते आम्ही दुसऱ्या चाचणीत तपासतो," सर म्हणाले.

हा वाद मी पुष्कळदा ऐकला होता. उंदीर आपल्यासारखा असेल तर त्याला असं बुडवायचा हक्क आपल्याला दिला कोणी, आणि आपल्यासारखा नसेल तर त्याला बुडवून आपल्याबद्दल काय डोंबल कळणार? दोन्ही बाजूंनी कात्री. पण माझ्या मते कामाचं होतंय ना, मग झालं. मी हातातल्या पेनने कागदावर चौकोन काढत होते. मत सरांच्या बाजूने द्यायचं हे माझं ठरलेलं होतं. सकाळपासून मन प्रसन्न होतं.

"मला एकच सांगायचंय," मॅडम म्हणाल्या, "आणि ते उंदराबद्दल नाही. माझ्याकडे येणाऱ्या रोग्यांबद्दल आहे. सरांच्या बरणीत हालचाल म्हणजे आशा आणि थांबणं म्हणजे निराशा. माणसात हे असं सरळ नसतं. महिनाभर पडून असलेल्या माणसाची मला काळजी वाटते. पण त्याहून जास्त भीती मला कोणाची वाटते माहितीय? जो एकाएकी उठतो, शांत होतो, कपाटं आवरतो, आपल्या वस्तू लोकांना देऊन टाकतो. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. आणि त्याने मरायचं पक्कं केलेलं असतं, म्हणून तो शांत असतो."

छत्री, सायकल, पासवर्ड, बिजागऱ्या सगळं एका ओळीत डोळ्यांसमोर आलं. मी उठले. खुर्ची मागे पडली, ती मी उचललीसुद्धा नाही.

"डॉक्टर, मतदान व्हायचंय," अध्यक्ष म्हणाले.

"होऊ दे," म्हणून मी बाहेर पडले.

बापूचा फोन वाजून वाजून बंद झाला. भावजयीला लावला. म्हटलं, "घरी जा. आत्ता."

"काय झालं?"

"तू काल म्हणत होतीस ते."

तिने लगेच फोन ठेवला. तिचं दुकान घरापासून माझ्या संस्थेपेक्षा लांब होतं. मी रस्त्यावर येऊन टॅक्सी थांबवली आणि पुन्हा बापूला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. एकदा चुकून उंदीरघराच्या रखवालदारालाच लागला. मग एकदाचा बापूने उचलला.

"अगं, तुझी मीटिंग आहे ना?"

"संपली. कुठे आहेस?"

"घरी."

"काय करतोयस?"

"बसलोय."

"मी येतेय. पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही."

"उद्या ये ना, ताई."

"उद्या मला वेळ नाही."

पुढे मी त्या टॅक्सीत काय काय बोलले देव जाणे. सिग्नलला थांबलो तेव्हा ड्रायव्हरला झापलं, जसा काही तो दिवा त्यानेच लाल केला होता. बापू गप्प व्हायला लागला की मी बाहेर दिसेल त्यावरून त्याला प्रश्न विचारायचे. या चौकात बस का थांबत नाही? त्याने सांगितलं की थांबा मागच्या वर्षी पुढे नेला. का नेला? वळणावर मागच्या गाड्या तुंबायच्या. मग म्हाताऱ्या माणसांनी तिथवर चालायचं का? त्याने आवाज न चढवता सांगितलं की त्यांच्यासाठी दवाखान्यासमोर दुसरा थांबा दिलाय. आवाज सपाट होता, पण उत्तरं बरोबर येत होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देता गप्प बसणं त्याला आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी त्याच्या त्या सवयीला धरून लोंबकळत होते.

दार त्यानेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. घर असं आवरलेलं की ओट्यावर एक भांडं नव्हतं. मी धापा टाकत होते. असं विचारू नये, विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. तरी विचारलं.

"बापू, जीव द्यायचं ठरवलंयस का?"

त्याचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर ओढून धरलेले होते, हे मला खाली आल्यावर दिसलं.

"हो," तो म्हणाला.

"आज?"

"तू लवकर आलीस."

"चप्पल घाल," मी म्हटलं. "आपण दवाखान्यात जातोय."

त्याने वाद घातला नाही. आम्ही जिना उतरत होतो तेवढ्यात भावजय धावत आली. तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली ती दवाखान्यात नाव लिहून घेईपर्यंत सोडली नाही. त्याला आत नेल्यावर आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. समोर हात धुवायचं बेसिन होतं, तिथे कोणीतरी साबणाची वडी अर्धी करून ठेवली होती.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, त्या माणसाने करायचं तरी काय."

"म्हणाले."

"पुन्हा कधी माझं ऐकलं नाहीत तर मी तुम्हाला घरात घेणार नाही, ताई. तुम्ही मोठ्या असाल, शिकलेल्या असाल. मी दार उघडणार नाही."

"नको उघडूस," मी म्हटलं. ती उठून पाणी आणायला गेली. येताना दोन पेले आणले.

बापू बरेच दिवस दवाखान्यात होता. आधीच्या गोळ्या तो घेतच नव्हता, उशीखाली ठेवत होता, हे तिथे कळलं. डॉक्टरांनी दुसरी गोळी सुरू केली. हळूहळू तो खाऊ लागला. मग चिडचिड करू लागला. एकदा मी गेले तर भावजयीशी उशीच्या अभ्र्यावरून त्याची जुंपली होती आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी दारातूनच मागे फिरून दोन चकरा मारून आले.

एका दुपारी आम्ही दोघंच व्हरांड्यात बसलो होतो. मी त्याला बरणीचं सगळं सांगितलं. माझी नोकरी काय आहे हे त्याला मोघम माहीत होतं, पण उंदीर पोहतो की तरंगतो हे बघणं म्हणजे काय, ते त्याने पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "आणि तू नळ दुरुस्त केलास तेव्हा मी तुला पोहणाऱ्यात धरलं."

तो म्हणाला, "पडून होतो ना, ते फार वाईट होतं. पण तेव्हा मरायचं डोक्यात नव्हतं. काहीच नव्हतं डोक्यात. मरायलाही अंगात थोडा जोर लागतो. थोडा जोर आला, आणि त्याचं काय करायचं ते मी ठरवलं. मग मात्र बरं वाटलं. कामं भराभर झाली."

"हं."

"तुझ्या उंदरांचंही असंच असेल?"

"माहीत नाही. उंदराला मरायचं असतं असं मला वाटत नाही. त्याला बरणीतून बाहेर यायचं असतं."

"मलाही तेवढंच हवं होतं गं," बापू म्हणाला.

नर्स गोळी घेऊन आली. त्याने ती तळहातावर घेतली आणि मला विचारलं, "ही?"

"हीसुद्धा. ही दिली तेव्हा उंदीर जास्त पोहले, म्हणून ती पुढे माणसांपर्यंत आली."

"आणि त्या उंदरांचं पुढे काय झालं?"

"आमच्यासारख्यांनी मारले."

त्याने गोळीकडे बघितलं आणि पाण्याबरोबर गिळली. "एवढं त्यांनी सोसलंय तर आता थुंकून कशाला टाकू," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "महिनाभर डोळे फाडून माझ्याकडे बघत होतीस, ताई. विचारलंस मात्र शेवटच्या दिवशी."

"उंदरांना विचारता येत नाही. सवय नाही राहिली."

"मला येतं उत्तर देता."

"तुला उत्तर दिल्याशिवाय राहवतच नाही," मी म्हटलं. तेव्हा तो हसला.

जनावरांच्या डॉक्टरवाचून मतदान घेता येत नाही, म्हणून समितीची त्या दिवशी अर्धवट राहिलेली बैठक पुन्हा भरली. या वेळी मी बोलले. म्हटलं, मी उंदरांची कैवारी म्हणून उभी नाही. माझ्या हातून जितके मेलेत तितके इथे कोणाच्या हातून मेले नसतील, आणि ज्या प्रयोगातून खरंच काही कळतं त्यासाठी पुढेही मारीन. पण जनावराला बुडवायचं तर त्याच्या बदल्यात जे कळतं ते तरी खरं हवं. या बरणीतून हालचाल कळते. त्या हालचालीला आपण आशा हे नाव दिलं, आणि इतकी वर्षं दिलं की आपल्या डोळ्यांना त्याची सवय लागली. बरणी बंद करा.

सरांचा चेहरा उतरला. माझं मत त्यांनी आपलंच धरलं होतं. बापूचं एव्हाना संस्थेत सगळ्यांना कळलं होतं. "म्हणजे एका भावावरून तुम्ही सगळ्या उंदरांचं ठरवताय?" ते म्हणाले.

"उंदरांवरून भावाचं ठरवलं होतं. ते जास्त महागात पडत होतं."

"त्याला जी गोळी लागू पडली ती..."

"तुमच्याच बरणीतली. तिच्याबद्दल तुमचे आणि उंदरांचे उपकार आहेत, ते मी विसरणार नाही. मत तेच आहे."

बरणी बंद झाली नाही. मॅडम आणि मी, दोनच हात वर झाले. परवानगी मिळाली, फक्त उंदीर कमी वापरा अशी अट घातली. म्हणजे ती खोली अजून चालू आहे आणि तिथल्या उंदरांना पुसून उबेला ठेवलंय ना हे बघायला मी अजूनही जाते; मी गेले नाही तर कोणीच नीट बघणार नाही. चित्रफिती बघायला मात्र बसत नाही. दोघांचं जुळलं नाही तर त्यांनी आपापसात भांडावं. बैठकीनंतर सर जिन्यात भेटले. मला वाटलं आता तोंडसुख घेतील. त्यांनी विचारलं, "भाऊ कसा आहे?" मी सांगितलं की जेवतोय, भांडतोय. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांच्यावर रागावता येईना.

बापू आता अर्धा वेळ कामावर जातो. मी रोज सकाळी त्याला फोन करते आणि तब्येतीची गोलगोल चौकशी न करता नेमकं तेच विचारते, "आज मरावंसं वाटलं का?" पहिल्यांदा भावजयीने ऐकलं तेव्हा तिच्या हातातला डबा खाली पडला होता. आता ती फोन त्याच्या कानाशी नेऊन धरते आणि स्वतःचाही कान तिथेच लावते. बहुतेक दिवस तो "नाही" म्हणतो आणि मग बसच्या तक्रारी सांगतो.

आज म्हणाला, "वाटलं. उठल्या उठल्या."

"आणि आता?"

"आता थोडं कमी आहे."

"डॉक्टरांना कळवलंस?"

"तिने कळवलंय. अकराला बोलावलंय."

"मी येते."

"तुला काम नाही का?"

"आहे," मी म्हटलं. "फोन ठेवू नकोस. तो दवाखान्यासमोरचा थांबा, तिथे किती नंबरच्या बस थांबतात ते सांग."

तो सांगायला लागला. मी फोन कानाला तसाच धरून चपला घातल्या.